तांबे तेच, मांडणी नवी



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या एका मुलाने आजोबांचा जुना रेडिओ आणला होता. त्याची काडी ओढता ओढता त्याने मला विचारले, "सर, मोबाइललाही लहरीच लागतात ना? मग त्याची काडी कुठे गेली?" शेजारी उभे असलेले एक पालक म्हणाले, "अहो, ते मोठ्या प्रयोगशाळांचे काम. आपल्या शाळेत तेवढी साधने कुठली?" गर्दीत दोघांनाही नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज लिहीत आहे.

ती काडी म्हणजे अँटेना. हवेतून आलेल्या लहरींचे ती विजेत रूपांतर करते. तिची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. हिला आपण तरंगलांबी म्हणतो. आम्ही हिंदीतून शिकलो तेव्हा 'तरंगदैर्घ्य' म्हणत असू. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याला कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते. १०० मेगाहर्ट्झच्या एफ. एम. केंद्राची तरंगलांबी ३ मीटर येते. तिचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर, म्हणून काडी एवढी लांब. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर मात्र साडेबारा सेंटिमीटरचीच. तिला सुमारे ३ सेंटिमीटरची तार पुरते. म्हणजे मोबाइलची काडी हरवलेली नाही, ती लहान होऊन आत जाऊन बसली आहे.

पण आत बसली तरी अडचण संपत नाही. धातूच्या सपाट पत्र्यावरून परतणारी लहर उलटी होऊन परतते. अँटेना पत्र्याला चिकटून असेल, तर मूळ लहर आणि परतलेली लहर एकमेकींना खोडून काढतात. हे टाळायला दोघांत पाव तरंगलांबीचे अंतर हवे. वाय-फायसाठी सुमारे ३ सेंटिमीटर. एक सेंटिमीटरही जाडी नसलेल्या यंत्रात ते आणायचे कुठून?

इथे मेटामटेरियल उपयोगी पडते. हा कोणताही नवा धातू नाही. तांब्याच्या बारीक कड्या किंवा चौकोन एका पातळ पट्टीवर ओळीने छापलेले असतात. प्रत्येक आकृती लहरीपेक्षा पुष्कळ लहान असते. लांबून पाहणाऱ्याला रांगोळीचे ठिपके सुटे दिसत नाहीत, पूर्ण कमळ दिसते. तसेच लहरीला या कड्या सुट्या दिसत नाहीत. तिला तो एक सलग पदार्थ वाटतो आणि त्याचे गुण तांब्याच्या साध्या पत्र्यापेक्षा अगदी वेगळे असतात.

असे विलक्षण गुण असलेला पदार्थ असेल तर काय होईल, याचे गणित रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६७ साली आपल्या भाषेत मांडले. तसा पदार्थ निसर्गात सापडला नाही. १९९९ साली इंग्लंडच्या जॉन पेंड्री यांनी फट ठेवलेल्या कड्यांची कल्पना सुचवली आणि २००० साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे डेव्हिड स्मिथ व सहकाऱ्यांनी तो प्रत्यक्ष बनवून दाखवला. त्याच सुमारास डॅन सीव्हनपायपर यांनी छत्रीसारख्या लहान लहान आकृत्यांचा एक पृष्ठभाग तयार केला. त्यावरून लहर उलटी न होता परतते. त्यामुळे अँटेना अगदी जवळ ठेवली तरी लहरी एकमेकींना खोडत नाहीत, उलट साथ देतात. अशाच आकृत्यांची रांग दोन अँटेनांच्या मध्ये ठेवली तर एकीचा उपद्रव दुसरीला कमी होतो.

मात्र ही जादू नव्हे. या आकृत्या ठराविक कंपनसंख्येच्या आसपासच उत्तम काम करतात आणि थोडी ऊर्जा उष्णतेत वायाही जाते. अँटेना फार लहान केली की तिची कार्यक्षमता किंवा कंपनसंख्यांचा पट्टा घटतोच. त्यामुळे प्रत्येक मोबाइलमध्ये मेटामटेरियल असते, असेही समजू नये.

आता त्या पालकांचे उत्तर. १८९८ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तागाच्या धाग्यांना पीळ दिला, त्यातून रेडिओलहरी पाठवल्या आणि त्यांच्या कंपनाची दिशा वळते हे दाखवले. मांडणी बदलून पदार्थाला नवा गुण देण्याचा हा फार जुना प्रयोग. साधन काय होते? ताग!

साधने हवीतच, आणि विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी राहीलच. पण तोवर थांबायचे कशाला? मुलांनो, आपल्या आवडत्या एफ. एम. केंद्राची कंपनसंख्या पाहा, पाव तरंगलांबी काढा, तेवढी तांब्याची तार कापून रेडिओच्या काडीच्या जागी लावून पाहा. मग ती अर्धी करा आणि काय फरक पडतो ते वहीत लिहा. पुढच्या प्रदर्शनात ती वही मला प्रथम पाहायची आहे.

— प्राचार्य