जंगलाचे मास्तर व्हायचंय?

बालमित्रांनो, "मोठेपणी तू कोण होणार?" हा प्रश्न तुम्हाला आजवर किती वेळा विचारला गेला असेल? घरी पाहुणे आले की त्यांना पाणी नेऊन देणाऱ्याची यातून काही सुटका नाही! आपली उत्तरंही ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, पोलीस. "उजाड जमीन पुन्हा हिरवी कशी करायची, ते मी शिकवणार," असं उत्तर मात्र सहसा ऐकू येत नाही.

पण असंही एक काम आहे बरं का! कॉलेजात आणि विद्यापीठात ते शिकवणारे प्राध्यापक असतात. खाणीनं उकरलेली जमीन, गाळानं भरलेलं तळं, तोडून तोडून विरळ झालेलं जंगल पुन्हा जिवंत कसं करायचं, हे ते शिकवतात. माती, पाणी आणि झाडं वापरूनही ती पुढच्या पिढीसाठी शिल्लक कशी राखायची, हेही शिकवतात. पुस्तकात याला 'पर्यावरण पुनर्स्थापना' आणि 'नैसर्गिक साधनसंपत्तीचं संवर्धन' म्हणतात. नावं जड आहेत, पण घाबरू नका. हात मोडला की डॉक्टर प्लास्टर घालतात. हाड मात्र शरीर स्वतःच जुळवतं, हो ना? जमिनीचंही तसंच आहे. योग्य मदत मिळाली तर ती स्वतः बरी होते. मदत कोणती करायची, एवढं मात्र आपल्याला कळायला हवं.

वर जंगल, खाली कोळसा

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुलांना जंगल म्हणजे काय ते सांगायला नको. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. आज त्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलानं व्यापलेला आहे. चंद्रपूरला ताडोबा आहे, तिथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात भाजीसाठी बांबूचे वास्ते. इथल्या कितीतरी घरांचं वर्षच जंगलाच्या पंचांगावर चालतं.

पण चंद्रपूरच्या जमिनीखाली कोळसाही आहे. उघड्या खाणीतून कोळसा काढायचा तर आधी वरची माती आणि दगड बाजूला टाकावे लागतात. त्यांचे डोंगराएवढे ढीग होतात. आता गंमत बघा. सगळ्यात वरची काळी माती आधी निघते, म्हणून ती वेगळी जपली नाही तर ढिगाच्या तळाशी जाते. खोलवरचा दगड-मुरूम शेवटी निघतो, तो ढिगाच्या वर येतो. जमीनच उलटी होते म्हणा ना! अशा ढिगावर बी पडलं तरी रुजणार कसं? त्यात ना कुजलेला पालापाचोळा, ना गांडुळं, ना मुळांना मदत करणारे सूक्ष्म जीव. नुसते खड्डे खणून रोपं लावली आणि फोटो काढले, तर ती रोपं उन्हाळ्याला भेटतात आणि संपतात.

नागपूरला 'नीरी' नावाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. पाणी, हवा आणि माती यांचा अभ्यास करणारी ही संस्था १९५८ साली सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ढिगांवर वर्षानुवर्षं काम केलं. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीजवळ त्यांनी ढिगाच्या मातीत साखर कारखान्यातून निघणारा गाळ, म्हणजे प्रेसमड मिसळला. हवेतला नत्र मुळांपर्यंत पोचवणारे जीवाणू आणि मुळांना पाणी व अन्न मिळवून देणारी बुरशी रोपांना दिली. ढिगावर झाडं उभी राहिली. साखर कारखान्यातला टाकाऊ माल आणि डोळ्यांना न दिसणारे जीव, यांच्या जोरावर हे झालं!

म्हणजे या कामात प्रयोगशाळा लागते, रसायनशास्त्र लागतं, जीवशास्त्र लागतं. पण तेवढ्यानं भागतं का? त्यासाठी एक काटेरी गोष्ट ऐका.

काट्यांनी शिकवलेला धडा

पुण्यात १९४२ साली जन्मलेले माधव गाडगीळ अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊन १९६९ साली डॉक्टरेट मिळवून आले. त्यांना तिथे नोकरीही मिळाली असती. पण ते भारतात परतले आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवू लागले. १९८३ साली त्यांनी तिथे परिसरशास्त्राचं केंद्र उभारलं. २००४ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या घडवल्या.

१९७५ च्या सुमाराची गोष्ट. कर्नाटकातल्या बुरुडांनी तक्रार केली, की टोपल्या-सुपं विणायला बांबूच मिळेनासा झालाय. कागद कारखान्यांना मात्र बांबू जवळजवळ फुकट मिळत होता. बांबू संपतोय का आणि कुणामुळे, हे शोधायचं काम गाडगीळ सरांकडे आलं. ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलात जाऊन राहिले.

तिकडे काटेरी जातीचा बांबू असतो. (आपल्या गडचिरोलीत बहुतेक मानवेल बांबू आहे, त्याला असे काटे नसतात.) या बांबूच्या बेटाच्या तळाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. तोडणाऱ्यांनी ते जाळं साफ करावं, म्हणजे बेट मोकळं होईल आणि बांबू जोमानं वाढेल, असं कारखान्याच्या जाणकारांचं मत होतं. ऐकायला पटतं, नाही का?

पण गावचे शेतकरी म्हणाले, हे उलटंच चाललंय! ते काटे म्हणजे बांबूनं स्वतःभोवती घातलेलं कुंपण आहे. ते काढलं की पावसाळ्यात येणारे कोवळे कोंब गुरं, माकडं आणि साळिंदरं खाऊन टाकतात. मग नवीन बांबू येणार कुठून?

आता सर काय करणार? एका बाजूला शिकलेले तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला लंगोटी नेसणारे शेतकरी. सरांनी दोघांचंही नुसतं ऐकून मान्य केलं नाही. त्यांनी बेटं निवडली, कोंब मोजले, काटे साफ केलेली आणि न केलेली बेटं ताडून पाहिली. आणि शेतकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं! बांबू घटायला कारखान्यांची तोड आणि ही 'साफसफाई' कारण होती.

हार्वर्डच्या डॉक्टरांना जंगलातल्या माणसांनी धडा शिकवला. सर ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिले. बघा मुलांनो, शेतकऱ्यांनी रोज पाहून जे ओळखलं होतं, ते मोजून सिद्ध करायला शास्त्रज्ञ लागला. आणि काय मोजायचं, हे शास्त्रज्ञाला शेतकऱ्यांनीच दाखवलं. दोघांपैकी एक नसता, तर बांबूचं नुकसान तसंच चालू राहिलं असतं.

मेंढ्याचा अभ्यासगट

आता आपण आपल्या भागात येऊ. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यानं गेलं की साधारण ३० किलोमीटरवर मेंढा हे छोटंसं गाव लागतं. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे त्याला 'मेंढा-लेखा' म्हणतात. गोंड आदिवासींच्या या गावात एक वेगळीच शाळा चालत आली आहे. तिला फळा नाही, परीक्षा नाही, वयाची अटही नाही. तिचं नाव 'अभ्यासगट'.

गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या दोघांचा त्यात मोठा वाटा. मंडळी एकत्र बसायची आणि एकेक विषय खणून काढायची. जंगलाचा कायदा काय म्हणतो? बांबू किती आणि कधी तोडावा? पोळं न मारता मध कसा काढावा? बाहेरचे अभ्यासकही येऊन बसायचे. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही हं! तो फक्त अभ्यास करतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीनं. एक जण जरी अडला, तरी पुन्हा चर्चा.

या अभ्यासाचा उपयोग काय झाला? २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर, म्हणजे जवळपास साडेचार हजार एकर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना हवाच होता. कारण १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला 'झाड' मानलं होतं. बांबू हे खरं तर गवत आहे, हे तुमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारा! शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्यालाही हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. लोकांनी बसून स्वतःचे नियम केले. तेंदूपत्त्यात रोख पैसा असतो. पण पानं चांगली यावीत म्हणून झाडं छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात. म्हणून त्यांनी तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. हातात येणारा पैसा सोडणं सोपं असतं का, सांगा बरं?

गाडगीळ सरही या दोन्ही गावांकडे विद्यार्थी होऊन आले आणि इथलं शहाणपण त्यांनी लेखांतून देशाला सांगितलं.

वाट कशी आहे?

हा भाग आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवा.

दहावीनंतर विज्ञान शाखा घेऊन वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात पदवी घेता येते. वनशास्त्राची पदवी अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत मिळते. पुढे एम.एस्सी., मग नेट किंवा सेट परीक्षा आणि पीएच.डी. देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था आणि वन संशोधन संस्था आहेत. घराजवळ म्हणाल, तर २०११ पासून चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकलेल्यांनाही या कामात जागा आहे, कारण जंगलाबरोबर माणसंही समजून घ्यावी लागतात.

वाट लांब आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बारावीनंतर दहाएक वर्षं सहज जातात, आणि प्राध्यापकांच्या जागा थोड्या असतात. पण हेच शिक्षण वनखात्याच्या स्पर्धा परीक्षांना, खाणींच्या पर्यावरण विभागात आणि गावांबरोबर काम करणाऱ्या संस्थांतही उपयोगी पडतं. मोहफूल वेचत वाढलेल्या मुलाला या अभ्यासात शहरातल्या मुलापेक्षा चार गोष्टी आधीच ठाऊक असतात. ही त्याची शिदोरी आहे. ती मागासलेपणाची खूण समजून आपणच लपवायला नको.

करून पाहा

पावसाळा लागला की शाळेच्या किंवा घराच्या आवारात, जिथे गुरंशेळ्या चरतात अशा ठिकाणी, दोन चौकोन आखा. प्रत्येकाची बाजू एक मीटर. एका चौकोनाभोवती मोठ्यांच्या मदतीनं बाभळीचे काटे रचा, दुसरा उघडाच ठेवा. दर रविवारी दोन्हींतली रोपं मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. दिवाळीपर्यंत असं करा. कोणत्या चौकोनात किती जाती उगवल्या? किती टिकल्या? नावं येत नसतील तर आजीला विचारा, गुराख्याला विचारा. वाघाच्या जंगलात मात्र यासाठी एकट्यानं जायचं नाही हं!

आणखी एक. तुमच्या गावात मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव असेल, तर आजोबांना विचारा: पूर्वी त्यात कोणते मासे आणि कोणती पाणवनस्पती असायची? आता त्यातलं काय राहिलं? दोन याद्या शेजारी शेजारी लिहा. पहिल्या यादीत आहे आणि दुसरीत नाही, असं काय काय निघतं ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.