खेळाच्या पेटीचा तुटका कोपरा

नाणे टाकायचे आणि उभ्याउभ्या खेळायचे, असे व्हिडिओ गेम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली आला, नामकोचा ‘पॅक-मॅन’ १९८० साली. त्या काळातल्या पेट्या जपणारे हौशी लोक आज जपान-अमेरिकेत बरेच आहेत. अशी पेटी दुरुस्तीला हाती आली, की मी पडद्याआधी तिचे खालचे कोपरे पाहतो.

कारण साधे आहे. या पेट्या प्लायवूडच्या, नाहीतर लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डच्या असतात. वजन शंभर किलोच्या घरात. ढकलताना कोपरा आपटतो आणि त्याचा टवका उडतो. फरशी पुसताना पाणी तळाशी मुरते आणि बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगतो. मग सोपा उपाय सुचतो, तो म्हणजे बाजूची फळीच बदलायची! पण त्या फळीवरचे मूळ चित्रही तिच्याबरोबर जाते. म्हणून कोपरा वाचवणे महत्त्वाचे.

इथे उपयोगी पडतो तो मोटारीच्या पत्र्यावरचे पोचे भरायचा बॉडी फिलर. हा पॉलिएस्टर राळेचा लगदा असतो. त्यात हार्डनर मिसळला, की रासायनिक क्रिया होऊन तो काही मिनिटांत घट्ट होतो. साधी लांबी वाळताना आक्रसते, हा फारसा आक्रसत नाही आणि त्याची कड धारदार राहते. अखंड लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते-आटते, त्यामुळे त्यात भरलेला फिलर पुढे तडकू शकतो. प्लायवूड आणि बोर्ड त्या मानाने स्थिर असतात.

आता कृती. फुगलेला, भुसभुशीत भाग पटाशीने टणक थर लागेपर्यंत काढावा. तुटलेल्या जागी दोन-तीन छोटे स्क्रू अर्धवट बसवावेत, म्हणजे फिलरला पकड मिळते. दोन्ही बाजूंना गुळगुळीत चिकटपट्टी लावलेल्या फळ्या आवळून साचा करावा. चिकटपट्टीला फिलर धरत नाही. हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के, म्हणजे शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम लागतो, तरी डब्यावरचे प्रमाण पाळावे. जास्त घातला तर हातातच दगड होतो. फिलर अर्धवट घट्ट झाला, की जाडसर कानशीने आकार द्यावा. मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. कडेच्या प्लॅस्टिक पट्टीची खाच शेवटी पुन्हा कोरावी लागते.

दोन गोष्टी जपाव्यात. खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावूनच काम करावे. वास उग्र असतो आणि घासताना उडणारी धूळ वाईट. शिवाय जुन्या पडद्याच्या नळीत वीज बंद केल्यावरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो, तेव्हा ती जाणकाराकडूनच काढून घ्यावी.

आणि हो, फिलर म्हणजे लाकूड नव्हे. खालचा भाग वीतभर कुजला असेल तर तेवढाच कापून त्याच जाडीचा तुकडा सरसाने जोडावा आणि फिलर फक्त सांध्यात भरावा. पेटीचे वजन लाकडाने पेलायचे. फिलरने फक्त आकार परत आणायचा.