वॅट आधी, लिटर मागाहून

नागपूरच्या दक्षिणेस, बेसा-पिपळा नगरपंचायतीच्या हद्दीत, जेथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो, तेथे समुद्रापासून शेकडो कोस दूर बसून दिवाणखान्यात प्रवाळांची टाकी बाळगण्याचा हव्यास कोणी का धरावा, हे शेजाऱ्यांनी विचारून झाले आहे. त्यांना पटेल असे उत्तर मजपाशी नाही. परंतु हव्यास एकदा पत्करला, की मीठ, दिवे आणि गाळणी यांच्याही आधी मोटरची निवड करावी लागते, आणि या निवडीत बाजारचा व्यवहार आणि टाकीची गरज यांचा मेळ क्वचितच बसतो.

प्रवाळ हा स्थाणू प्राणी. मासा प्राणवायूकडे पोहत जातो. प्रवाळाकडे मात्र प्राणवायू आणि अन्न पाण्यानेच आणून द्यावे लागते, आणि त्याच्या अंगावरचा मळही पाण्यानेच वाहून न्यावा लागतो. पाणी संथ झाले की त्याच्या त्वचेलगत एक निश्चल पातळ थर साचतो व त्यातून देवघेव मंदावते. म्हणूनच टाकीतील पाणी ताशी किती वेळा फिरते, यावर छंदिष्टांची सारी मोजदाद चालते: कठीण सांगाड्याच्या नाजूक प्रवाळांना ४० पट किंवा त्याहूनही अधिक, मऊ प्रवाळांना १० ते २० पट, असा ढोबळ अदमास आहे. आमच्या बाबतीत हा वाद कायद्यानेच निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारी सर्व प्रवाळे आणि समुद्रपंखे दाखल झाले. सबब त्या यादीबाहेरची चामडी प्रवाळे, झोअँथिड आणि मशरूम यांवरच आमची भिस्त. ४ फूट लांब, दीड फूट रुंद व तितक्याच उंच टाकीत अडीचशे लिटरांच्या आसपास पाणी मावते; तिला ताशी ५,००० लिटरांचा प्रवाह भरपूर झाला.

दुकानदाराचे गणित निराळे. "बारा हजार लिटरची देऊन देतो ना साहेब, पॉवर जास्त राहिली तर बिघडते काय?" असे तो म्हणतो, आणि त्याच्या हातातील खोक्यावर लिटरांचा आकडा ठळक, वॅटांचा आकडा मात्र बारकाव्याने शोधावा लागेल असा छापलेला असतो. माझ्या मते बेशात वाचावयाचा तो हा दुसरा आकडा. पाण्यात बुडालेली मोटर जेवढी वीज खाते, तेवढी जवळजवळ सगळीच अखेर उष्णता होऊन पाण्यात मिसळते. ४० वॅटची मोटर अहोरात्र चालली, तर अडीचशे लिटर पाणी, उष्णतेला बाहेर पडण्यास वाव नसेल तर, दिवसाकाठी सुमारे सव्वातीन अंशांनी तापवील. आणि प्रवाळांना हवे असते २५-२६ अंशांचे पाणी. पौषात ही उष्णता उपकारक ठरते; चैत्रापासून मात्र चिलर एका बाजूने थंडावा ओतत असतो आणि मोटर दुसऱ्या बाजूने तो परत करीत असते, आणि दोघांचेही वीजबिल एकाच मीटरवर चढते. डीसी मोटर महाग खरी, पण तेवढाच प्रवाह पुष्कळ कमी वॅटांत देते, शिवाय तिचा वेग कमीजास्त करता येतो. व्हॉरटेकसारख्या पंपांची मोटर तर काचेबाहेर राहते आणि चुंबकाच्या ओढीने आतला पंखा फिरवते. मात्र त्यांची किंमत ऐकून चिलरच स्वस्त वाटू लागतो.

खालच्या गाळण-टाकीतून पाणी वर चढवणाऱ्या मोटरची परीक्षा वेगळी. खोक्यावरचे लिटर हे शून्य उंचीवरचे. जिची कमाल चढण दोन मीटर, तिच्याकडून दीड मीटरवर ताशी ३,००० लिटरांची अपेक्षा करणे म्हणजे चढावर बैलांना सपाटीचा वेग मागणे. तेथे ७००-८०० लिटर पदरात पडले तरी समाधान मानावे, आणि नळीला कोपरे असतील तर त्याहून कमी. खातरजमेसाठी दहा लिटरांची बादली व घड्याळ पुरते: बादली ३६ सेकंदांत भरली, तर ताशी १,००० लिटर.

प्रवाह मोजून भागत नाही, तो पाहावाही लागतो. एकाच दिशेने सतत आदळणारी धार प्रवाळाचा मांसल भाग सोलून काढते. म्हणून दोन छोटे वेव्हमेकर समोरासमोर, किंचित तिरपे लावून त्यांच्या धारा मध्ये भिडू द्याव्यात, एक मात्र पृष्ठभागाकडे वळवावा. चामडे प्रवाळ मधूनमधून मेणचट कात टाकते. ती आपोआप गळून गेली, तर प्रवाह योग्य. मशरूम आकसून बसला, तर तो अतिरेक समजावा आणि मोटर नव्हे, मशरूम हलवावा. पंख्यावर चुन्याचा थर चढून घरघर सुरू झाली, की सिरक्यात भिजत घालणे हा दर काही महिन्यांचा शिरस्ता.

उरला विजेचा प्रश्न. मृगाआधीच्या वादळात तारा तुटल्या, की टाकीतील प्राणवायू काही तासांत उतरू लागतो. तेव्हा पाणी चढवणारी मोटर बंद राहिली तरी चालते, फक्त परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत छिद्र हवे, नाहीतर वरचे पाणी उलटे ओढले जाऊन खालची टाकी फरशीवर वाहील. पृष्ठभाग हलवणारा एक दहा वॅटचा, २४ व्होल्टचा वेव्हमेकर मात्र चालू राहिलाच पाहिजे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, तर त्यावर तो आठ-दहा तास निघतो. घरचा इन्व्हर्टर या कामी वापरण्याची मुभा मागून पाहिली. परंतु मे महिन्यात कूलरचा हक्क आधीचा, असा घरातील मंडळींनी एकमताने निवाडा दिला असल्याने बॅटऱ्यांची तजवीज स्वतंत्र करावी लागली आहे.