गिअरबॉक्स बदलला, आता पुढे काय? ट्रॅक कारची खरी परीक्षा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' येतात ते काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे. आकडे डोळ्यांसमोर असले की हा भाग जास्त नीट कळतो.)

गेल्या काही भागांखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "पाच गिअरचा बॉक्स काढून सहा गिअरचा टाकला तर गाडी किती फास्ट होईल?" उत्तर एका ओळीत देता येतं, पण ते ऐकून तुमचा मूड जाईल. कधी कधी गाडी फास्ट होतच नाही. आणि टेस्ट न करता थेट ट्रॅकवर नेली, तर तुमच्याबरोबर मागून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

म्हणून आज एकच गाडी घेऊया, जिच्यावर हा बदल जगभर खूप लोकांनी केलाय: मझ्दा एमएक्स-५, म्हणजे आपली गेममधली लाडकी मियाटा. १९८९ मध्ये आली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन कमी. सुरुवातीला फक्त पाच गिअर. १९९९ च्या दहाव्या वाढदिवसाच्या खास मॉडेलमध्ये सहा गिअरचा बॉक्स मिळाला. तेव्हापासून जुन्या गाडीत तो सहावाला टाकायचा हा एक खेळच झालाय.

आधी गणित, मग पाना

गिअर म्हणजे रेशो. पाचवाल्याचे रेशो असे: ३.१३६, १.८८८, १.३३०, १.०००, ०.८१४. सहावाल्याचे: ३.७६०, २.२६९, १.६४५, १.२५७, १.०००, ०.८४३.

आता शेवटचे दोन आकडे बघा. पाचवाल्याचा टॉप ०.८१४, सहावाल्याचा टॉप ०.८४३. म्हणजे डिफरेन्शियल तोच ठेवला, तर हायवेवर सहाव्या गिअरमध्ये इंजिन आधीच्या पाचव्यापेक्षा थोडं जास्तच फिरणार! "सहा गिअर म्हणजे हायवेला आरामात" हा समज इथेच पडतो. सहावा गिअर वर जोडलेला नाहीये. पहिल्यापासून टॉपपर्यंतच्या अंतरात जास्त पायऱ्या बसवल्यात, आणि पहिली पायरी आणखी खाली नेलीय.

डिफ ४.१ चा आणि टायर १८५/६०-१४ चे आहेत असं धरा. इंजिन ७००० आरपीएमला नेलं तर कुठल्या गिअरमध्ये ताशी किती?

पाचवाला: पहिल्यात ५९, दुसऱ्यात ९८, तिसऱ्यात १४०, चौथ्यात १८६.
सहावाला, डिफ तोच: पहिल्यात ४९, दुसऱ्यात ८२, तिसऱ्यात ११३, चौथ्यात १४८, पाचव्यात १८६.

आता एक वळण डोळ्यांसमोर आणा. तुम्ही ७५ ने बाहेर पडता आणि पुढच्या ब्रेकिंगपर्यंत १३८ गाठता. पाचवाल्यात दुसऱ्यावरून तिसऱ्यात, एकच शिफ्ट. सहावाल्यात दुसरा, तिसरा, चौथा, म्हणजे दोन शिफ्ट. प्रत्येक शिफ्टमध्ये क्लच दाबलेला असतो, तेवढा वेळ मागच्या चाकांना काहीच मिळत नाही. सेकंदाचा तिसरा हिस्सा धरला तरी तो प्रत्येक लॅपला, प्रत्येक सरळ पट्ट्यावर जातो.

मग फायदा काय? शिफ्टनंतर रेव्ह कमी पडतात. पाचवाल्यात दुसऱ्यावरून तिसऱ्यात गेलं की ७००० चे साधारण ४९३० होतात. सहावाल्यात साधारण ५०७५. फरक आहे, पण तुम्हाला वाटला होता तेवढा नाही. वरच्या गिअरमध्ये तो जास्त कामाचा. सहावाल्यात चौथ्यावरून पाचव्यात ५५७० वर उतरता, आणि तिथे छोटं इंजिनही जोरात असतं.

म्हणूनच जाणकार लोक बॉक्ससोबत डिफही बदलतात. अमेरिकेतल्या सहा गिअरच्या गाड्यांना ३.९०९ चा डिफ होता, आणि ३.६३६ चाही मिळतो. ३.६३६ लावला की सहावाल्याचे आकडे होतात ५६, ९२, १२७, १६७. पहिला गिअर वापरण्यासारखा होतो, दुसराही लांबतो. पण आपल्या त्या ७५ ते १३८ च्या पट्ट्यावर शिफ्ट अजूनही दोनच! तेव्हा गडे हो, तुमच्या ट्रॅकची वळणं कागदावर लिहा, प्रत्येकाचा बाहेर पडायचा वेग मांडा आणि मग ठरवा. हा कागद फुकट आहे, गिअरबॉक्स फुकट नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर तुमच्या क्लासचे नियमही आत्ताच वाचा. बऱ्याच क्लासमध्ये कुठला बॉक्स चालतो ते लिहून दिलेलं असतं.

बॉक्स खाली आहे तोवर

गिअरबॉक्स उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं आणि पाठ मोडणारं काम. म्हणून तो खाली असताना जे दिसेल ते बदलून टाका: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनच्या मागचं ऑइल सील. सील स्वस्त असतं. पण दोन महिन्यांनी तेच गळलं, तर तेल क्लच प्लेटवर येतं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

चढवताना दोन गोष्टी. एक, क्लच प्लेट सेंटर करायचा दांडा वापरा, नजरेच्या अंदाजाने नको. दोन, बॉक्स इंजिनला पूर्ण चिकटत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका. तो सहज सरकत बसला पाहिजे. बसत नाही म्हणजे काहीतरी तिरकं आहे. जोर लावला तर बॉक्सचे कान तुटतात, नाहीतर क्लच प्लेट वाकते.

एमएक्स-५ ची एक खासियत लक्षात ठेवा. गिअरबॉक्स आणि डिफ एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईने जोडलेले असतात. ती तुळई परत बसवताना उंची मॅन्युअलप्रमाणे मोजायची. ती चुकली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन चुकतो आणि गाडी थरथरते. मग लोक महिनाभर चाकं बॅलन्स करत बसतात.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. गिअर एकमेकांत नीट बसवणाऱ्या सिंक्रो रिंगा बऱ्याचदा पितळी असतात, आणि डिफसाठीच्या काही तेलांतली रसायनं पितळेला मानवत नाहीत. "गिअर ऑइल आहे ना, चालतंय" असं करू नका.

टेस्ट क्रमांक एक: गाडी जागेवरच

इंजिन बंद. सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्सही. क्लचमधली हवा काढलीय का? पेडल स्पंजासारखं लागत असेल तर नाही काढलेली. रिव्हर्सचा दिवा लागतो का? मग इंजिन चालू करा आणि कान द्या:

- न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बघा.
- उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग.
- एकाच गिअरला 'कर्र' होतं: त्या गिअरची सिंक्रो.
- सगळ्याच गिअरला, रिव्हर्सलाही 'कर्र' होतं: बॉक्सला दोष देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाहीये. हवा, पेडलची ॲडजस्टमेंट नाहीतर क्लच पंप.

ही यादी स्क्रीनशॉट मारून ठेवा. वापरलेला बॉक्स विकत घेतलाय आणि विकणारा म्हणतो "एकदम टकाटक आहे", तेव्हा हीच कामी येते.

टेस्ट क्रमांक दोन: रस्त्यावर, शांतपणे

आधी वीस-तीस किलोमीटर. परत या, गाडी वर घ्या, खाली टॉर्च मारा. तेलाचा थेंब कुठे? प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट, तुळईचे बोल्ट, चाकांचे नट यांचा टॉर्क पुन्हा तपासा.

नवीन क्लच बसायला वेळ लागतो. क्लच बनवणारे साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साधं, सिटीतलं चालवणं सांगतात. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर पहिल्याच ट्रॅक डेला प्लेट जळल्याचा वास येईल.

ते झाल्यावर स्लिपची टेस्ट. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये २५०० आरपीएमला जा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून वाढले पाहिजेत. आरपीएम उडी मारतो आणि गाडी तिथेच, म्हणजे क्लच घसरतोय.

थरथर असेल तर एक सोपी युक्ती. ज्या वेगाला थरथरते तोच वेग ठेवून गिअर बदला. थरथर तशीच राहिली तर दोष बॉक्सच्या मागे: शाफ्ट, डिफ किंवा चाकं. आरपीएमबरोबर बदलली तर पुढे: फ्लायव्हील किंवा क्लच.

आणि स्पीडोमीटर! या गाड्यांत मीटरला वेग गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून कळतो. डिफ ४.१ चा ३.६३६ केला आणि मीटरची छोटी गिअर बदलली नाही, तर मीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही जवळपास ११३ ने असता. रस्त्यावर दंड बसेल तो बसेल, पण वळणाचा अंदाज चुकला तर दंडावर भागणार नाही. फोनच्या जीपीएसशी एकदा ताडून बघा.

टेस्ट क्रमांक तीन: ट्रॅक

ट्रॅकवर जाण्याआधी पहिला खर्च ब्रेकवर. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. तेच जुनं होऊन हवेतलं पाणी प्यायलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. ट्रॅकवर ब्रेक किती तापतात हे ज्याने पाहिलंय तो जुन्या ऑइलवर जाणारच नाही. नवं ऑइल, चांगले पॅड, बरे टायर. पॉवर सगळ्यात शेवटी.

पहिलं सेशन दहा मिनिटांचं, सत्तर टक्के वेगाने. लगेच पिटमध्ये या आणि खाली बघा. हे तुमच्यासाठी जेवढं, तेवढंच दुसऱ्यांसाठी. गळणारं गिअर ऑइल ट्रॅकवर पडलं तर पुढच्या वळणावर मागून येणारा बाईकवाला किंवा कारवाला सरळ बाहेर जातो. त्याने तर तुमचा गिअरबॉक्स बघितलेलाही नसतो.

आता मुख्य प्रश्न: फास्ट झाली का? "वाटतंय फास्ट" हे उत्तर नाही. गिअर छोटे झाले की आवाज जास्त, धक्का जास्त, शिफ्ट जास्त. कानाला वेग वाटतो, घड्याळाला वाटेलच असं नाही. त्यामुळे:

- एका वेळी एकच बदल. बॉक्स, टायर आणि सस्पेन्शन एकदम बदलले तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.
- स्वॅपच्या आधीचे लॅप नोंदवून ठेवा. ते नसतील तर तुलना कशाशी?
- टायरची हवा, टाकीतलं पेट्रोल, दिवसाची वेळ शक्य तेवढी सारखी ठेवा.
- एक सर्वोत्तम लॅप नको, चांगल्या तीन लॅपची सरासरी घ्या.
- बऱ्याच फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच नोंद घेतं. ताशी १०० ने एका सेकंदात तुम्ही जवळपास २८ मीटर पुढे गेलेले असता. म्हणून सेकंदाला दहा नोंदी घेणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर लावा.
- फक्त लॅप टाइम बघू नका. प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटचा वेग बघा. गिअरबॉक्सचं खरं-खोटं तिथे कळतं.

दिवस संपल्यावर, नाहीतर पुढच्या तेलबदलात, ड्रेन प्लगचं चुंबक बघा. करड्या रंगाची बारीक पेस्ट असेल तर काळजी नको. चकत्या किंवा तुकडे दिसले तर गाडी ट्रॅकवर परत न्यायची नाही, टोवरून घरी.

आपल्याकडच्यांसाठी

पुण्या-मुंबईहून बरेच जण स्विफ्ट किंवा पोलो घेऊन कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला जातात. या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे तुळई आणि प्रॉपेलर शाफ्टचा प्रश्न नाही. पण रेशोचा कागद, आवाजांची यादी आणि टेस्टचा क्रम तोच. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसी आणि इन्शुरन्सचा घोळ नंतर निस्तरणं क्लच बदलण्यापेक्षा महाग पडतं.

तर मंडळी, सहावा गिअर टाकायचा की नाही हे मी नाही सांगणार. तुमच्या ट्रॅकचा कागद सांगेल. तो कागद करून बघा, आकडे कमेंटमध्ये टाका, एकत्र बसून बघू. पुढच्या भागात लिमिटेड स्लिप डिफ: आतलं चाक हवेत उचललं की गाडीचं काय होतं. तोवर टॉर्क रेंच हाताशी ठेवा आणि सांभाळून चालवा!