एका वर्षात दोन कौल

राजूरच्या गणपतीहून भोकरदनकडे निघालं की वाटेत केदारखेडा लागतं. गाव जालना जिल्ह्यातलं, शिवारात कापूस, मका, सोयाबीन. इथला मतदार विधानसभेला भोकरदनचा आणि लोकसभेला जालन्याचा. दोन्हीकडे एकही दानवे उमेदवार नव्हता अशी निवडणूक शोधायची तर बरंच मागं जावं लागतं.

पहिले दानवे पुंडलिक हरी. १९७७च्या जनता लाटेत त्यांनी जालन्यातून काँग्रेसला हरवलं. पुढच्या दोन निवडणुका काँग्रेसच्या बाळासाहेब पवारांनी जिंकल्या. १९८९ला पुंडलिकराव भाजपकडून पुन्हा दिल्लीला गेले, १९९१ला काँग्रेसचे अंकुशराव टोपे आले. तोवर हा मतदारसंघ लंबकासारखा हलत होता. १९९६मध्ये भाजपचे उत्तमसिंग पवार निवडून आले आणि लंबक थांबला. तिथपासून २०१९पर्यंत सलग सात लोकसभा निवडणुका भाजपच्या. त्यातल्या १९९९पासूनच्या पाच एकट्या रावसाहेब दानवेंच्या.

रावसाहेब जवखेड्याचे. सरपंच, पंचायत समितीचे सभापती, दोनदा आमदार, मग खासदार, केंद्रात राज्यमंत्री, मध्ये पक्षाचे प्रदेशाध्यक्ष. बोलणं अस्सल गावरान. त्या बोलण्यानं सभा जिंकल्या, तसं २०१७मध्ये तुरीच्या प्रश्नावर ते अंगलटही आलं. तरी २०१९ला मताधिक्य ३,३२,८१५.

एवढ्यावरून हा भाग भाजपचा बालेकिल्ला ठरवायचा मोह होतो. पण २००९ साल बघा. लोकसभेला रावसाहेब काँग्रेसच्या कल्याण काळेंपुढे अवघ्या ८,४८२ मतांनी तरले. काही महिन्यांनी विधानसभा आली. भोकरदनमध्ये भाजपनं त्यांच्या पत्नी निर्मलाताईंना उभं केलं, समोर पुंडलिकरावांचे चिरंजीव चंद्रकांत, राष्ट्रवादीकडून. चंद्रकांत जिंकले. खासदार एका पक्षाचा दानवे, आमदार दुसऱ्या पक्षाचा दानवे! २०१४ला रावसाहेबांचे चिरंजीव संतोष यांनी ती जागा घेतली आणि अजून सोडलेली नाही.

काही भागांचा कौल एकदाच पालटतो आणि मग तसाच राहतो. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतला, केंटकी राज्यातला एलियट परगणा १८६९मध्ये स्थापन झाला आणि २०१२पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर राहिला. २०१६ला तो ट्रम्पकडे वळला आणि पुढेही तिकडेच राहिला. जालन्यात असं एकदाच कूस बदलून निजणं नाही.

२०२४ची मे महिन्यातली निवडणूक. आदल्या वर्षी १ सप्टेंबरला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला होता. गंमत अशी की अंतरवाली लोकसभेला परभणीत मोडते, पण धग जालना मतदारसंघाच्या गावागावांत पोचली. सोयाबीन हमीभावाखाली विकलं जात होतं, ते वेगळंच. आरक्षणासाठी स्वतःची गाडी पेटवून गाजलेला फुलंब्री तालुक्यातला तरुण सरपंच मंगेश साबळे अपक्ष उभा राहिला आणि दीड लाखावर मतं घेऊन गेला. कल्याण काळेंनी रावसाहेबांना १,०९,९५८ मतांनी पाडलं. साबळेंमुळे दानवे पडले, असं म्हणणारे भेटतात. पण ती मतं मुळात सरकारवर चिडलेली होती. साबळे नसते तर ती दानवेंनाच पडली असती, हे मानायला फारसा आधार नाही.

मग नोव्हेंबरात विधानसभा. मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार जमा होऊ लागले होते, आणि जरांगेंनी ऐनवेळी उमेदवार न देण्याचं जाहीर केलं होतं. जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री, पैठण: काळेंना खासदार करणाऱ्या मतदारसंघातले हे सहाही विधानसभा मतदारसंघ भाजप आणि मित्रपक्षांच्या महायुतीनं जिंकले. भोकरदनमध्ये लढत पुन्हा दानवे विरुद्ध दानवे, संतोष आणि चंद्रकांत. रावसाहेब पडून सहा महिने झाले नव्हते, आणि संतोष तिसऱ्यांदा आमदार झाले.