आधीं पाणी, मग रोप

बागकामाचीं जीं पुस्तकें आपल्या घरांत येतात, त्यांपैकीं पुष्कळांचा मूळ आधार थंड देशांतील अनुभव हा असतो. तेथें फेब्रुवारींत बीं काचेच्या छपराखालीं पेरतात, रोपें उबेंत वाढवितात आणि हिमाचें भय टळलें म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत तीं बाहेर लावतात. त्या देशांस ही रीति योग्यच आहे. परंतु ती जशीच्या तशी उचलून कोंकणपट्टींत आणिली, तर लावणीच्या मुहूर्तावर वैशाखाचें ऊन स्वागतास उभें असतें, आणि चार दिवसांत सारा खटाटोप वाळून जातो. आपला वसंत निराळा आणि आपल्या रोपांचे शत्रूही निराळे. ते कोणते, आणि त्यांच्याशीं गांठ पडण्यापूर्वीं परसांतली भाजी हातीं कशी यावी, ह्याचा विचार येथें योजिला आहे.

धाकटी डहाणू हें पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यांतील, खाडी व समुद्र यांच्या कांठचें मासेमारीचें गांव. पौष-माघांत येथें रात्रीं गारठा असतो, दंव पडतें. पण रोप गोठेल अशी थंडी पडत नाहीं. पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने परसबागेचा सर्व भार विहिरीवर. फाल्गुनापासून दुपारचा खारा वारा जोर धरतो, चैत्रांत ऊन तापतें, आणि विहिरीचें पाणी जसजसें खालीं जातें तसतशी त्याची गोडीही उणावते. ऊन, वारा आणि खार हे आपले तीन शत्रू. आणि तिघांत खार अधिक घातक, कारण तो डोळ्यांना दिसत नाहीं.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहिता रचिली. तींत भूमिगत जलाचा विचार करणारा दकार्गल नांवाचा अध्याय आहे आणि त्याला लागूनच वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. आचार्यांचा त्यांत हेतु कोणता होता तो असो. परसबाग करणाऱ्या गृहस्थानें हा क्रम गांठीं बांधून ठेवावा. बियांची पुडी आणण्यापूर्वीं आपली विहीर किती रोपें पोसूं शकेल, हें ठरविलें पाहिजे.

समुद्रकांठच्या जमिनींत मुरलेलें पावसाचें गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, कारण खारें पाणी जड असतें. हॉलंडमधील बाडोन गायबेन यानें १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनींतील हर्ट्सबर्ग यानें १९०१ मध्यें या तरंगण्याचा हिशेब मांडला. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर त्या पातळीखालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. ह्याचा दुसरा अर्थ प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. वरची पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालचें खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकूं पाहतें. म्हणून विजेचा पंप लावून दोन तासांत विहीर तळाला नेणें किनाऱ्यावर अत्यंत अनिष्ट होय. तेंच पाणी सकाळ-संध्याकाळ थोडें थोडें काढावें. विहीर एकदां खारट झाली कीं पुढच्या पावसाळ्यावांचून ती सहसा सुधारत नाहीं, आणि त्याच विहिरीवर घरांतल्या बारा-पंधरा माणसांचें पिणें-रांधणें अवलंबून असतें. चार वांग्यांसाठीं घराचें पिण्याचें पाणी गमवावें, हा कोठला व्यवहार? शिवाय जमिनीखालीं कुंपणें नसतात. एका घरच्या उपशाचें फळ शेजारच्या विहिरीसही भोगावें लागतें.

आतां माप घेऊं. चैत्र-वैशाखांत भाजीच्या एका चौरस मीटर जागेस रोज सुमारें पांच-सहा लिटर पाणी लागतें. दोनशें चौरस फूट बाग म्हणजे सुमारें साडेअठरा चौरस मीटर. तिला रोज शंभर लिटरांच्या आसपास, म्हणजे बारा लिटरांच्या आठ-नऊ घागरी लागतील. एवढें पाणी वैशाखाअखेर निर्वेधपणें निघेल काय, हा प्रश्न पौषांतच विचारावा. दोराला गांठी मारून दर पंधरवड्यास पातळी पाहण्याचें काम घरांतील मुलांकडे द्यावें. वहींत आकडे मांडतांना त्यांचें गणितही सुधारतें. पाण्याची परीक्षा तर स्वयंपाकघरांत आपोआप होत असते. तुरीची डाळ शिजावयास वेळ लावूं लागली, साबणास फेस येईनासा झाला, म्हणजे पाण्यांत क्षार वाढले असें घरांतील स्त्रिया ओळखतातच. त्यांचा हा इशारा बाग करणारानें ऐकावा. अधिक माहितीसाठीं कोसबाडच्या टेकडीवरील गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषिविज्ञान केंद्रांत विचारपूस करावी.

पाण्याचा अंदाज बांधल्यावर दिवसांचा विचार. वांगीं आणि मिरची यांचें बीं मकरसंक्रांतीच्या सुमारास रोपवाफ्यांत पडावें. पांच-सहा आठवड्यांत रोपें लावणीजोगीं होतात. फेब्रुवारीअखेर तीं कायमच्या जागीं गेलीं, तर एप्रिलअखेरीच्या सुमारास फळ दिसूं लागतें. काकडी, दुधी, पडवळ, शिराळें या वेलांस वसंतपंचमीचा दिवस चांगला. त्यांचीं मुळें दुखावलेलीं त्यांस खपत नाहींत. म्हणून पळसाच्या पानांच्या द्रोणांत माती भरून, तळाला भोंक पाडून, प्रत्येकांत दोन दोन बिया लावाव्या आणि पुढें द्रोणासकट रोप जमिनींत ठेवावें. भेंडी, गवार व चवळी त्याच दिवशीं थेट जागेवर टोकावी. वसंतपंचमीपासून महाशिवरात्र सुमारें चोवीस दिवसांवर, होळी चाळीस दिवसांवर आणि गुढीपाडवा पंचावन्न दिवसांवर येतो. महाशिवरात्रीपर्यंत वेल जागेवर गेले, होळीपर्यंत मांडवाला लागले, तर पाडव्याच्या आसपास पहिली काकडी आणि भेंडी ताटांत यावी. टोमॅटो मात्र दिवाळीनंतर लगेच पेरलेला बरा. रात्री उष्ण झाल्या कीं त्याचीं फुलें गळतात. ज्या वर्षीं वसंतपंचमी फेब्रुवारीच्या मध्याकडे सरकते, त्या वर्षीं तिची वाट न पाहतां दोन आठवडे आधींच पेरावें. कारण सण चंद्राच्या गतीनें येतात आणि ऊन सूर्याच्या गतीनें चढतें.

रोपवाफ्याच्या मातीविषयीं आपल्याच तालुक्यांत एक जुनें शास्त्र आहे. डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची चाल आहे. वारली शेतकरी उन्हाळ्यांत रोपाच्या जागेवर फांद्या, पाला, शेण व गवत यांचे थर रचतो, वर माती पसरतो आणि ते जाळतो. इंग्रजी अमदानींत राबासाठीं जंगलांतला पाला तोडण्यावरून ठाणें जिल्ह्यांत सरकार व रयत यांचा वाद झाला, आणि १८८५ सालीं नेमलेल्या मुंबई फॉरेस्ट कमिशनपुढें तो आला. पुढें १९०९ मध्यें इंग्लंडांतील रॉथॅम्स्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं माती तापविल्यानें पिकास मिळणारें नत्र वाढतें. तणाचें बीं व रोगाचे जंतु मरतात, हा आणखी लाभ. १९७६ मध्यें इस्राएलांतील काटान व त्यांचे सहकारी यांनीं ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती उन्हानेंच तापविण्याची रीति प्रसिद्ध केली. ज्या गोष्टीस पुष्कळांनीं अडाणी म्हटलें, तिचें मर्म प्रयोगशाळेनें मागाहून सांगितलें.

घरच्या वाफ्यास मोठा राब नको. वीतभर सुका पाला व थोडी शेणकुटें पसरून, वारा पडल्यावर, गोठा व गवताची गंजी यांपासून दूर, ती जागा भाजावी. राखेचा वरचा थर काढून टाकावा. तींत क्षार असतात आणि आपल्या मातीस ते आधींच पुष्कळ आहेत. पावसाळी रोपांच्या वाफ्यावर मात्र चैत्र-वैशाखांत माती भिजवून चार ते सहा आठवडे प्लास्टिक अंथरलें, तर धूर न करतां तेंच काम साधतें. नंतर दहा फूट लांब, तीन फूट रुंद व अर्धा फूट उंच असा गादीवाफा करून त्यांत चांगलें कुजलेलें शेणखत दोन-तीन घमेलीं मिसळावें. दोन गोष्टींचा मोह टाळावा. एक, समुद्राची वाळू. दुसरी, कोळीवाड्यांतील खारविलेल्या मासळीची घाण. दोन्हींतून मीठ वाफ्यांत येतें.

बीं तीन-चार बोटांच्या अंतरावरील ओळींत, सुमारें अर्धा इंच खोल, विरळ पेरावें. वर चाळलेलें खत भुरभुरवावें, भाताचा पेंढा पातळ पसरावा आणि झारीनें पाणी द्यावें. कोंब दिसतांच पेंढा काढावा. एका दिवसाच्या आळसानें रोपें पिवळीं व लांबट होतात. कोंवळीं रोपें जमिनीलगत मऊ पडून कोलमडूं लागलीं, तर तें पिथियम नांवाच्या बुरशीचें काम असण्याचा संभव फार. हिंदुस्थानांतील या बुरशीवर बटलर या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मोठा प्रबंध लिहिला होता. दाट पेरणी आणि सायंकाळचें अति पाणी तिला मानवतें. म्हणून पाणी सकाळीं द्यावें. बियांस पेरणीपूर्वीं ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी चोळल्यास बचाव होतो. पश्चिमेस नारळीच्या झावळ्यांचा आडोसा करावा, म्हणजे दुपारचें ऊन व खारा वारा दोन्ही अडतात. लावणीपूर्वीं आठवडाभर पाणी कमी करीत जावें आणि आडोसा हळूहळू सैल करावा. लावणी नेहमीं संध्याकाळीं. बुंध्याशीं दोन-तीन इंच पाल्याचें आच्छादन घालावें.

खार सोसण्याची शक्ति सर्व भाज्यांस सारखी नसते. कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथील क्षारता-प्रयोगशाळेनें या विषयावर दीर्घ संशोधन केलें आहे. जमिनींतील क्षार मोजण्याच्या डेसिसायमन या मापानें घेवडा १ च्या पुढें उत्पन्न कमी देऊं लागतो, कांदा १.२ च्या, मिरची १.५ च्या व काकडी २.५ च्या पुढें. चवळी मात्र ४.९ पर्यंत आणि गवार ८.८ पर्यंत तग धरते. ज्यांची विहीर चैत्रांतच मचूळ होते, त्यांनीं घेवड्याचा हट्ट सोडून गवार-चवळीस अधिक जागा द्यावी. कोंवळें रोप वाढलेल्या झाडापेक्षां बहुधा नाजूक असतें, म्हणून रोपवाफ्यास घरांतील सर्वांत गोडें पाणी मिळावें. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी यास उत्तम. साबणाचें पाणी अळवासही घालूं नये.

एकत्र कुटुंबांत या कामाची वांटणी सोपी आहे. पातळीची वही मुलांकडे, झारी आजोबांकडे, आणि किती घागरी बागेस द्यावयाच्या याचा अंतिम निर्णय स्वयंपाकघराकडे असावा. कारण पाण्याची चव तेथें आधीं कळते. वैशाखांत पाणी मचूळ लागूं लागलें, तर बागेचें पाणी प्रथम तोडावें आणि उरलेल्या वेलांची माया धरूं नये. तत्पूर्वीं देशी वाणाच्या प्रत्येक वेलावरचें एक निरोगी फळ बियांसाठीं पिकूं द्यावें. बीं धुवून, सावलींत वाळवून, राखेंत घोळून बरणींत ठेवावें आणि बरणीवर वाणाचें नांव व वर्ष लिहावें. पावसाचे चार मास विहिरीस पुन्हां गोडी आणतात. पौषांत ती बरणी उघडण्यापूर्वीं मुलांनीं दोर सोडून पातळीचा नवा आकडा लिहून आणावा.