औषधोपचारातील सातत्य : हृदयविकार आणि मधुमेह

औषधाविषयी आपल्या समाजात जी समजूत रूढ आहे, ती प्रामुख्याने साथीच्या व अल्पकाळ टिकणाऱ्या आजारांनी घडविलेली आहे. हिवताप, पटकी, विषमज्वर यांच्याशी आपल्या मागील पिढ्यांनी झुंज दिली. ताप उतरला, अन्न गोड लागू लागले, की औषधाची बाटली बाजूला ठेवावयाची, ही रीत त्या काळात पडली. लसीकरण, शुद्ध पाणी व प्रभावी औषधे यांमुळे त्या रोगांचा जोर ओसरला. देवीचा देशातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. आज मात्र घरोघरी जे आजार दिसतात त्यांचे स्वरूप निराळे आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार हे येऊन जाणारे आजार नव्हेत. ते बहुधा जन्मभराचे सोबती होत. त्यांच्यावरील औषध थोडे दिवस घेऊन भागत नाही. जुनी रीत आणि नवे आजार यांचा मेळ न बसल्याने होणारी हानी मोठी आहे.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला.

रोगाचे निदान होणे ही उपचाराची केवळ पहिली पायरी होय. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. प्रगत देशांतही दीर्घकालीन आजाराचे रुग्ण सरासरीने निम्म्या प्रमाणातच औषधोपचाराचे पालन करतात आणि विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहून कमी आहे, असे त्यात नमूद आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली पुढे आले. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी, कमी उत्पन्नाच्या देशांत, सुमारे ८० टक्के व्यक्ती त्यावरील एकही प्रमुख औषध घेत नव्हत्या. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक प्रतिकूल होते.

औषध नेमके काय करते?

औषध सोडणाऱ्या रुग्णाचा युक्तिवाद बहुधा एकच असतो : "आता मला काही त्रास नाही." वरवर पाहता तो रास्त वाटतो. परंतु वाढलेला रक्तदाब बहुतेकदा दुखत नाही आणि रक्तातील साखर बरीच वाढेपर्यंत जाणवत नाही. औषध चालू असल्यामुळे तपासणीत रक्तदाब योग्य येतो, आणि तोच आकडा पाहून रुग्ण औषध बंद करतो. बांध घातल्यामुळे शेतातील माती वाहून जात नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. माती टिकली म्हणून बांध फोडावा, असे कोणी म्हणणार नाही. औषधाचेही तसेच आहे.

अनियंत्रित साखर मूत्रपिंडे, डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या नसा यांवर वर्षानुवर्षे आघात करीत असते. इंग्लंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात, साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या रुग्णांमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच अभ्यासात रक्तदाब अधिक नियंत्रित ठेवलेल्या मधुमेहींमध्ये पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले.

काही औषधे परस्पर थांबविणे तर तत्काळ धोक्याचे असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून साधारणतः सहा महिने ते एक वर्ष दोन औषधे एकत्र दिली जातात. ती मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. मोठी शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून विनामूल्य झाली, आणि नंतर दररोजच्या लहानशा गोळीत खंड पडला, तर त्या उपचाराचे फळ हातचे जाते.

औषध का सुटते?

याचा सर्व दोष रुग्णाच्या हलगर्जीपणास देणे अन्यायाचे होईल. औषध सुटण्यास अनेक व्यावहारिक कारणे असतात. महिन्याच्या औषधांचा खर्च, दवाखान्यापर्यंतचे भाडे आणि त्यासाठी बुडणारी मजुरी यांचा मेळ घालताना गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात. घरातील वृद्ध स्त्री स्वतःच्या औषधासाठी पैसे मागण्यास संकोचते. गोळ्यांची संख्या अधिक असेल, त्यांचे रंग व आकार दर वेळी बदलत असतील आणि वेष्टनावरील अक्षर वाचता येत नसेल, तर गोंधळ होणारच.

काही औषधांचे दुष्परिणाम जाणवतात. मधुमेहाच्या एका नित्याच्या गोळीने प्रारंभी पोट बिघडते; ती जेवणाबरोबर घेतल्यास त्रास कमी होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावे लागते, म्हणून शेतावर जाणाऱ्या स्त्रिया त्या टाळतात. काहींनी कोरडा खोकला येतो. या प्रत्येक अडचणीवर वेळ किंवा औषध बदलण्याचा उपाय डॉक्टरांपाशी असतो. मात्र रुग्णाने ती सांगितली पाहिजे आणि डॉक्टरांनी ती विचारली पाहिजे.

उपवास हेही एक कारण होय. एकादशी, नवरात्र किंवा रमजान यांच्या काळात काही जण औषध पूर्ण बंद करतात, तर काही जण उपाशीपोटी साखर उतरविणारी गोळी अथवा इन्शुलिन घेतात. दुसऱ्या प्रकारात साखर एकाएकी घसरून घाम सुटणे, हातापायांस कंप येणे, प्रसंगी शुद्ध हरपणे असे प्रकार घडतात. उपवासाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून मात्रा व वेळा ठरवून घेणे, हाच यावरील मार्ग आहे.

ऊसतोडणीसाठी बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी निघणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन चार-पाच महिने चालतो. रुग्णाचे कार्ड गावच्या केंद्रात, रुग्ण मात्र परजिल्ह्यातील फडावर, अशी स्थिती असते. पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या माणसाकडून तोड बुडवून दवाखाना शोधण्याची अपेक्षा करणे कठीण आहे.

व्यवस्थेचे कार्य

देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा विशेष उपक्रम २०१७ साली सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांची निवड झाली व त्यात महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा समावेश होता. उपक्रमाची सूत्रे साधी होती : सर्वत्र एकच सुलभ उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रात एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या, आणि तारीख चुकविणाऱ्या रुग्णाचा पाठपुरावा. या कार्यास २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कार लाभला.

गोळ्यांची संख्या कमी करणे हाही प्रभावी उपाय ठरला आहे. युरोपातील सात देशांत झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटका येऊन गेलेल्या रुग्णांना तीन औषधे एकाच गोळीतून दिली गेली. निरनिराळ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराच्या गंभीर घटना त्यांच्यात सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा संयुक्त गोळ्यांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. जनऔषधी केंद्रांत मूळ नावाची औषधे कमी दरात मिळतात. तथापि योजना कागदावर असणे आणि गोळी रुग्णाच्या हातात पडणे यांत अंतर असते. केंद्रात एकदा औषध संपले, तर रिकाम्या हाताने परतलेला रुग्ण पुढच्या महिन्यात येईलच असे नाही. म्हणून साठा संपण्यापूर्वी मागणी नोंदविणे हे लिपिकाचे नेहमीचे काम दिसत असले, तरी तो उपचाराचाच भाग आहे.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायत, शिक्षक व कर्मचारी यांना या कामी बरेच काही करता येण्यासारखे आहे. उपकेंद्रात कोणती औषधे किती दिवस उपलब्ध नव्हती, याची माहिती ग्रामसभेपुढे नियमाने यावी. रुग्णांची नावे मात्र तेथे वाचली जाऊ नयेत. आजार ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. हंगामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील रुग्णांची आशा स्वयंसेविकेने दसऱ्यापूर्वीच तपासणी घडवून आणावी, त्यांना शक्य तितक्या दिवसांची औषधे व उपचाराची लेखी नोंद मिळावी, आणि साखर कारखान्याजवळील केंद्राची माहिती द्यावी.

शाळेतील मुलांना आजी-आजोबांच्या गोळ्यांचे वेष्टन वाचून दाखविता येते. सकाळच्या गोळ्यांच्या डबीवर सूर्य आणि रात्रीच्या डबीवर चंद्र काढला, तर अक्षरओळख नसलेल्यासही वेळ कळते. गोळी घेण्याची वेळ चहा, जेवण वा देवपूजा अशा रोजच्या कामाशी जोडल्यास विसर पडत नाही. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी परस्पर दुप्पट मात्रा घेऊ नये. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे इन्शुलिनची कुपी पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवता येते.

कोणी औषध सोडले असेल, तर त्यास दटावण्याऐवजी ते का सोडले, हे प्रथम विचारावे. पैसा, अंतर, त्रास, भीती किंवा विसर यांपैकी जे कारण निघेल, त्यावरच उपाय योजावा. पुष्कळदा तो उपाय गावातच सापडतो. कर्ता माणूस पक्षाघाताने अंथरुणास खिळला, तर मुलांचे शिक्षण थांबते, जनावरे विकली जातात आणि जमीन गहाण पडते. ते टाळावयाचे, तर महिन्याच्या गोळ्या संपण्यापूर्वी पुढच्या महिन्याच्या गोळ्या त्या घरात पोहोचल्या पाहिजेत.